जहीर खान ‘ग्रेट’ होता की नुसताच चांगला? (३२.९४ वाल्यांनी जरूर यावे)

धागाकर्ता: चौथी_स्लिप

भारताचा सर्वकालीन कसोटी संघ निवडायला बसलं की कपिल आणि बुमराह ही दोन नावं कुणीही वाद न घालता लिहून टाकतं. गाडी अडते ती तिसऱ्या वेगवान गोलंदाजापाशी. मी जहीर म्हणतो, आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी आकडा तोंडावर फेकतं: ९२ कसोट्या, ३११ बळी, सरासरी ३२.९४ (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, कमी तितकी चांगली). तेहतिसाच्या घरातली सरासरी असलेला माणूस सर्वकालीन संघात कसा, असा सवाल. त्यासाठीच हा धागा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच, की त्या ३२.९४ मध्ये दोन वेगळे गोलंदाज आहेत. २००० ते २००५ मधला जहीर धिप्पाड, लांबून धावत येणारा, क्रीजवर मोठी उडी मारणारा, चेंडू जोरात आदळणारा. २००६ नंतरचा जहीर डोक्याने गोलंदाजी करायचा. पहिल्याची सरासरी पस्तिशीच्या पुढची, दुसऱ्याची तिशीच्या आसपासची. नावं वेगळी असती तर आपण पहिल्याला केव्हाच विसरलो असतो आणि दुसऱ्याला डोक्यावर घेतलं असतं.

आधी पहिला जहीर. ऑक्टोबर २००० मधली नैरोबीची नॉकआउट स्पर्धा आठवते? त्याच स्पर्धेत युवराज आणि जहीर एकत्र आले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध युवराजच्या ८४ धावा सगळ्यांना आठवतात, पण स्टीव्ह वॉचा यॉर्करवर उडालेला त्रिफळा मला जास्त आठवतो. प्रसाद-श्रीनाथच्या पिढीत भारतीय गोलंदाजाचा यॉर्कर असा बुंध्यात शिरताना बघायची सवय नव्हती. तो दिवस ७ ऑक्टोबरचा, म्हणजे जहीरचा बाविसावा वाढदिवस. पुढच्याच महिन्यात ढाक्याला कसोटी पदार्पण. बांगलादेशाची ती पहिलीवहिली कसोटी आणि गांगुलीची कर्णधार म्हणून पहिली.

२००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले, भारताकडून सर्वाधिक. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते अंतिम सामन्याचं पहिलं षटक. जोहान्सबर्ग, समोर गिलख्रिस्ट आणि हेडन, आणि जहीर इतका पेटलेला की पहिलाच चेंडू नोबॉल, मग वाइड, मग हेडनला टशन. षटक संपलं तेव्हा फलकावर १५ धावा. अख्ख्या सामन्यात ७ षटकं, ६७ धावा, बळी शून्य. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. त्या दिवशी त्याला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो.

आता थेट आठ वर्षं पुढे या. वानखेडे, २ एप्रिल २०११, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा नवा चेंडू त्याच्याच हातात. पहिला स्पेल: ५ षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. बिचारा थरंगा वीस चेंडू चाचपडला, दोन धावा केल्या आणि स्लिपमध्ये सेहवागच्या हातात गेला. माणूस तोच, डावखुरा हात तोच. मधल्या आठ वर्षांत जे झालं त्याबद्दल इथे बोलूया. आकडेवाल्यांचंही स्वागत आहे, फक्त हाणामारी नको.

आकडेमोड:
नाव घेऊन बोलावल्यासारखं वाटलं म्हणून आलो. ‘करिअर दोन भागांत वाटा आणि चांगला भाग तेवढा मोजा’ ही युक्ती कुणालाही लावता येते. ईशांतचे पण बरोबर ३११ बळी आहेत, १०५ कसोट्यांत, सरासरी ३२.४०, म्हणजे जहीरपेक्षा किंचित चांगलीच. त्याचाही उत्तरार्ध कापून दाखवला तर तोही महान दिसेल. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांत अक्रमचे ४१४ बळी २३.६२ ने, वासचे ३५५ बळी २९.५८ ने. वासने निम्मं आयुष्य आशियातल्या पाटा खेळपट्ट्यांवर घालवलं, तेव्हा ‘आपल्याकडच्या खेळपट्ट्या’ हे कारण पुढे करू नका. श्रीनाथचे २३६ बळी ३०.४९ ने. माझ्या संघात तिसरा श्रीनाथ.

लेगबाय:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बेलापूरकर:
आमच्या गावचा माणूस, म्हणून आधी गावाबद्दल. (मुंबईकरांसाठी खुलासा: आमचं गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर. नवी मुंबईतलं ते वेगळं. तिकीट काढताना पाहुणे अजून गोंधळतात.) ऊस, मोसंबी, साखर कारखाने, बाजार समिती हे आमचं जग. इथल्या पोराने त्या काळी लाल चेंडूवर भारतासाठी खेळायचं म्हणजे काय, हे दादर-माटुंग्याच्या लोकांना कळणार नाही. टर्फ विकेट नाही, दर रविवारी स्पर्धा नाहीत, बघणारा निवड समितीवाला तर नाहीच. टेनिस बॉलवर यॉर्कर टाकणारे आमच्याकडे गल्लोगल्ली होते, पण त्यातल्या कुणाला सीम कशी धरायची हे दाखवायला माणूस नव्हता.

जहीर अभ्यासातही चांगला होता, इंजिनियरिंगला जायचं जवळपास ठरलेलं. वडिलांनीच सांगितलं की देशात इंजिनियर पुष्कळ आहेत, तू फास्ट बोलर हो. आमच्या भागात बारावीला चांगले मार्क पडलेल्या मुलाला बापाने असं सांगणं ही स्टीव्ह वॉच्या त्रिफळ्यापेक्षा मोठी बातमी आहे! मग मुंबई, आणि तिथे सुधीर नाईक सरांचा नॅशनल क्रिकेट क्लब.

शिवाजीपार्कचा_बारावा:
बेलापूरकर, टोमणा पोचला. 😄
पण नाईक सरांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर कसोटी पदार्पण, मुंबईचे रणजी विजेते कर्णधार आणि नंतर वानखेडेच्या खेळपट्टीचे क्युरेटर, इतकं सगळं एका माणसात. २०११ चा अंतिम सामना ज्या खेळपट्टीवर झाला ती त्यांच्याच देखरेखीखालची. जहीरच्या त्या तीन निर्धाव षटकांचं माती आणि माणूस असं दोन्ही बाजूंचं श्रेय सरांकडे जातं. २०२३ मध्ये सर गेले.

मुंबईच्या संघात जागा मिळणं तेव्हा किती कठीण होतं हेही बघा. पोरगा गेला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या हाताखाली, आणि रणजी खेळला बडोद्याकडून. २०००-०१ ला बडोद्याने रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यात रेल्वेला २१ धावांनी हरवून, त्यात जहीरचा मोठा वाटा. मुंबईची टोपी त्याला मिळाली ती पार नंतर, आंतरराष्ट्रीय क्रिकेट कित्येक वर्षं खेळून झाल्यावर. महाराष्ट्रात जन्म, मुंबईत शाळा (क्रिकेटची), चेन्नईत कॉलेज आणि नोकरी बडोद्यात.

सेव्हर्नकाठ:
बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये राहतो, त्यामुळे २००६ बद्दल लिहायचा हक्क माझाच.

त्या साली जहीर इथल्या काउंटी संघाकडून खेळायला आला तेव्हा भारतीय संघातून बाहेर होता. इरफान, श्रीसंत, आरपी, मुनाफ असे सगळे रांगेत पुढे. न्यू रोडचं मैदान म्हणजे एका अंगाला सेव्हर्न नदी, पलीकडे कॅथेड्रल, स्टँडमध्ये थर्मास घेऊन बसलेले सत्तरीतले लोक. टीव्ही कॅमेरा नाही, मानधनाची चर्चा नाही, आणि सामना दुसऱ्या डिव्हिजनचा. पहिल्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध १० बळी. काउंटीकडून पदार्पणात असं शंभराहून जास्त वर्षांत कुणी केलं नव्हतं. चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध एका डावात पहिले नऊच्या नऊ गडी त्याचे. दहावाही झाला असता, यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. मोसमात ७८ बळी. वूस्टरशायर पहिल्या डिव्हिजनमध्ये चढलं. इथल्या म्हाताऱ्यांनी त्याचं नाव ‘झिपी झॅकी’ ठेवलं होतं. अजूनही मी भारतीय आहे म्हटलं की पबमध्ये एखादा तरी विचारतो, झिपी काय करतो सध्या?

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं, काउंटीत तुम्हाला आठवड्यामागून आठवडा गोलंदाजी करावी लागते. आज ताप, परवा बसचा प्रवास, तेरवा पुन्हा वीस षटकं. जोरात टाकत राहिलात तर जून संपायच्या आत मोडता. इथेच त्याने रनअप आखूड केला, ती मोठी उडी काढून टाकली. वेग थोडा उतरला, पण मनगट चेंडूच्या मागे राहायला लागलं आणि टप्पा हवा तिथे पडायला लागला. संघातून हाकललेल्या माणसाने पंचतारांकित अकादमीत न जाता दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घाम गाळून परत येणं, हे आपल्याकडे फार कमी जणांनी केलंय.

चौथी_स्लिप:
@सेव्हर्नकाठ, क्या बात! ‘मनगट चेंडूच्या मागे’ हे अगदी नेमकं.
@आकडेमोड, ईशांतचा उत्तरार्ध खरंच चांगला होता, त्यावर वाद नाही. पण ईशांतच्या उत्तरार्धात दुसऱ्या टोकाला बुमराह, शमी, उमेश होते. जहीरच्या उत्तरार्धात दुसऱ्या टोकाला कोण असायचं हे त्यालाही सकाळी वॉर्म-अपच्या वेळी कळायचं.

जुनाचेंडू:
क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षं डाव्या हाताने मार खाल्लाय, त्यामुळे तंत्राबद्दल थोडं.

लोक ‘जहीर रिव्हर्स स्विंग करायचा’ म्हणून थांबतात. रिव्हर्स करणारे पुष्कळ. एक बाजू घासून खडबडीत होऊ द्यायची, दुसरी घाम लावून चकचकीत ठेवायची, मैदान कोरडं असलं की तीस-चाळीस षटकांनंतर चेंडू चकाकीच्या दिशेला वळायला लागतो. पण वरच्या पातळीचे फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच वाचतात. चकाकी कुठल्या बाजूला आहे ते गोलंदाजाच्या हातातच बघून ठेवतात. जहीर धावत येताना उजव्या हाताने चेंडू झाकून आणायचा, अगदी शेवटच्या पावलापर्यंत. फलंदाजाला बाजू दिसायची तेव्हा चेंडू हातातून सुटलेला असायचा. जेम्स अँडरसनने स्वतः सांगितलंय की चेंडू झाकायचं हे काम आणि मोठी उडी न घेता गोलंदाजी करणं, दोन्ही त्याने जहीरला बघून उचललं. ज्याच्या नावावर सातशेच्या वर कसोटी बळी आहेत त्याने हे म्हणावं!

दुसरं म्हणजे डावखुरे फलंदाज. राउंड द विकेट येऊन, एकाच ॲक्शनमध्ये, एक आत आणि एक बाहेर. दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा सलामीवीर ग्रॅम स्मिथला विचारा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये स्मिथला त्याने डझनाहून अधिक वेळा बाद केलं. शेवटी शेवटी असं व्हायचं की स्मिथ गार्ड घेत असतानाच समालोचक हिशोब सांगायला सुरुवात करायचे.

नाईटवॉचवुमन:
ट्रेंट ब्रिज २००७ कुणीच कसं काढलं नाही अजून? जेलीबीन्स!

द्रविडने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं, जहीरने ४ बळी घेत इंग्लंडला १९८ मध्ये गुंडाळायला हातभार लावला. मग आपल्या डावात हा फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर जेलीबीन्स (खायच्या गोड गोळ्या) पडलेल्या. कुणीतरी उचलून टाकाव्यात तर परत पडल्या. साहेब भडकले, बॅट उगारून पीटरसनला जाब विचारला (त्याने टाकल्या नव्हत्या असं नंतर निघालं). आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी. वॉन १२४ वर मस्त खेळत होता, त्याच्या पॅडला लागून चेंडू यष्ट्यांवर गेला आणि डाव फिरला. सात गडी राखून जिंकलो आणि पुढे मालिकाही, १९८६ नंतर इंग्लंडमधली पहिली. मालिकेत १८ बळी. विस्डेनने (क्रिकेटचं प्रसिद्ध वार्षिक) पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत घेतलं.

गंमत बघा, २००३ मध्ये पेटला तेव्हा १५ धावांचं षटक पडलं. २००७ मध्ये पेटला तेव्हा पाच बळी. राग तेवढाच होता.

आकडेमोड:
ट्रेंट ब्रिज मान्य. पण आता फिटनेसबद्दलही बोला की. कपिलने १३१ कसोट्या खेळल्या आणि दुखापतीमुळे एकही सोडली नाही. जहीरची २००३ ची ब्रिस्बेन कसोटी आठवा. पहिल्या डावात ९५ धावांत ५ बळी आणि मग मांडीचा स्नायू गेला. त्या मालिकेत ऑस्ट्रेलियात मालिका जिंकायची आपली इतिहासातली तोपर्यंतची सर्वात चांगली संधी होती, आणि साहेब परतीच्या विमानात. २०११ लॉर्ड्स: १३.३ षटकं, १८ धावा, कुक आणि स्ट्रॉस दोघेही बाद, आणि पुन्हा मांडी. मालिका ०-४. ज्याच्यावर अख्खं आक्रमण उभं आहे त्याने महत्त्वाच्या दौऱ्याच्या पहिल्याच दिवशी बसकण मारायची, याला महान म्हणायचं? धोनीने त्याला ‘आमच्या गोलंदाजीतला सचिन’ म्हटलं होतं. सचिन पहिल्या दिवशी चहापानाआधी घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

लेगबाय:
आईशप्पथ. चहापानाआधी 😂

चौथी_स्लिप:
फिटनेसचा मुद्दा बरोबर आहे. जहीरच्या विरोधातला तो सर्वात भक्कम मुद्दा, आणि मी त्याला उत्तर शोधत बसणार नाही. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो पूर्ण तंदुरुस्त नव्हता हे पहिल्या तासात घरबसल्या दिसत होतं.

पण त्याच दुखापतींनी दुसरी गोष्टही दाखवली. डिसेंबर २०१० चा दक्षिण आफ्रिका दौरा घ्या. सेंच्युरियनला जहीर दुखापतीमुळे नाही, जयदेव उनाडकटचं पदार्पण. आफ्रिका ४ बाद ६२० वर डाव घोषित, आपण डावाने हरलो. दहाच दिवसांत डर्बन, जहीर परत. आफ्रिका सर्वबाद १३१. जहीर ३६ धावांत ३, हरभजन १० धावांत ४, आणि सामना ८७ धावांनी आपला. खेळपट्टी वेगळी होती, मान्य. पण ६२० आणि १३१ मधला सगळा फरक गवताचा नव्हता. सेंच्युरियनलाही खेळलेल्या श्रीसंतने डर्बनला दुसऱ्या डावात कॅलिसला तो अंगावर उसळलेला चेंडू टाकला. जहीर मिडऑफला उभा असला की बाकीच्यांची गोलंदाजी सुधारायची. प्रत्येक चेंडूआधी जाऊन काहीतरी सांगायचा. ही गोष्ट सरासरीत कुठे धराल?

आकडेमोड:
धरता येत नाही, म्हणून तर तिचा फायदा सगळे घेतात. आणि २०११-१२ चा ऑस्ट्रेलिया दौरा? चारही कसोट्या खेळला, पंधरा बळीही घेतले, निकाल तोच, ०-४. तेव्हा ‘जहीर असला की’ हे समीकरण एवढं सरळ नाही.

शिवाजीपार्कचा_बारावा:
त्या दौऱ्यावर फलंदाजांनी काय दिवे लावले तेही लिहा. चार सामन्यांत चारशे झाल्या त्या एकदाच. गोलंदाजाने काय मेलबर्नला शतकही ठोकायचं होतं?

नाईटवॉचवुमन:
ठोकूही शकला असता, कुणास ठाऊक! 😄 ढाका, डिसेंबर २००४. अकराव्या क्रमांकावर ७५, समोर सचिन नाबाद २४८, शेवटच्या जोडीची १३३ ची भागी. तेव्हा अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाचा तो कसोटी विक्रम होता, २०१२ मध्ये टिनो बेस्टने ९५ करून मोडला. जोधपूरला झिम्बाब्वेविरुद्ध ओलोंगाला शेवटच्या षटकात सलग चार षटकार (तो सामना आपण एका गड्याने हरलो हे सोयीस्करपणे विसरायचं). आणि बंगळुरू २००८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरभजनबरोबर किल्ला लढवत नाबाद ५७, शिवाय ५ बळी, सामनावीर. त्या सामन्यानंतर पुढची सगळी मालिका आपल्या बाजूला झुकली.

तांबडापांढरा:
अवांतर: कोल्हापूरचा जावई आहे तो. २०१७ पासून. सागरिका घाटगे आमची. त्यामुळे ३२.९४ वगैरे बोलताना जरा जपून, जावयाचा मान असतो. पुढच्या वेळी सरासरी विचारायची झाल्यास आधी रस्सा वाढा, मग विचारा.

लेगबाय:
तांबडापांढरा +१. धागा वसूल.

जुनाचेंडू:
२०११ च्या विश्वचषकाबद्दल एक गोष्ट राहून जातेय. सगळे २१ बळींचा उल्लेख करतात (आफ्रिदीबरोबर संयुक्त पहिला). ते बळी कधी घेतले ते बघा.

बंगळुरू, इंग्लंडविरुद्धची बरोबरी. आपल्या ३३८. इंग्लंड २ बाद २८१, स्ट्रॉस १५८ वर, बेल जमलेला. तेव्हा स्टेडियममधले लोक पार्किंगकडे निघाले होते म्हणे. जहीरने बेल आणि स्ट्रॉसला लागोपाठच्या चेंडूंवर काढलं, पुढच्या षटकात कॉलिंगवुडचा त्रिफळा. अहमदाबादला उपांत्यपूर्व सामना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध: माइक हसी ३ वर त्रिफळाचीत, नकल बॉलवर. हसीसारखा माणूस, ज्याला फसवायला लोक आठवडाभर व्हिडिओ बघायचे, तो इतक्या लवकर खेळून मोकळा झाला की चेंडू अजून वाटेतच होता.

नकल बॉलमध्ये पहिली दोन बोटं दुमडून नखं किंवा पेरं चेंडूवर टेकवायची, हाताचा वेग तसाच ठेवायचा. बोटांचा जोर लागत नाही म्हणून चेंडू जवळजवळ न फिरता, संथ येतो. ऑफकटरसारखं मनगट फिरत नसल्याने फलंदाजाला हातातून काहीच कळत नाही. हा चेंडू त्याने नेट्समध्ये बरेच दिवस घोटला आणि विश्वचषकापर्यंत दडवून ठेवला. तिशी ओलांडलेला गोलंदाज, आधीच संघातला पहिला माणूस, त्याला नवीन काही शिकायची गरज नव्हती. आता टी-ट्वेंटीत प्रत्येक पोरगं नकल बॉल टाकतं, तेव्हा आपल्याकडे तो कुणाला माहीत होता?

अंतिम सामन्यात शेवटच्या षटकांत परेराने धुतला, १० षटकांत ६० गेल्या, हेही खरं. पण कपुगेदराचा बळी त्याने संथ चेंडूवरच घेतला होता.

बेलापूरकर:
विश्वचषक जिंकला त्या रात्री आमच्या गावात काय झालं ते लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल. मेन रोडवर सकाळपर्यंत गुलाल. ज्यांनी २००३ च्या त्या पहिल्या षटकानंतर टीव्ही बंद केला होता तेच पुढे नाचत होते.

एक प्रश्न माझाही. त्याच्यानंतर नगर जिल्ह्यातून (हो, आता अहिल्यानगर) किंवा मराठवाड्याकडून कसोटी खेळणारा वेगवान गोलंदाज का नाही आला? वाट तर त्याने दाखवली होती.

शिवाजीपार्कचा_बारावा:
वाट एकट्याने दाखवून होत नाही, बेलापूरकर. वडील, नाईक सर, लिली-शेखर, बडोदा, सगळे दरवाजे एकापाठोपाठ उघडले म्हणून झालं. मधला एक बंद असता तर आज तो पुण्याच्या एखाद्या कंपनीत मॅनेजर असता आणि रविवारी कॉर्पोरेट क्रिकेटमध्ये सगळ्यांच्या पायाची बोटं फोडत असता. गावाकडे हात जोरात फिरवणारी पोरं आजही आहेत, कमी आहेत ते मधले दरवाजे.

सेव्हर्नकाठ:
शेवटच्या कसोटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. वेलिंग्टन, फेब्रुवारी २०१४. त्याच्या आधीच्या दौऱ्यावर जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून ३०० बळी झालेले. त्याही आधी वर्षभर संघाबाहेर होता, युवराजबरोबर फ्रान्समध्ये जाऊन मेहनत घेऊन परत आला होता. वेलिंग्टनला दुसऱ्या डावात न्यूझीलंड ५ बाद ९४, अजून दीडशेच्यावर धावांनी मागे, सामना आपला. आणि मग मॅकलम आणि वॉटलिंगने ३५२ ची भागी केली. झेल सुटले, चेंडू मऊ झाला, खेळपट्टी झोपली. मॅकलम ३०२. शेवटी त्यालाही जहीरनेच काढलं, झेल धोनी. जहीरचा हिशोब: ५१ षटकं, १३ निर्धाव, १७० धावा, ५ बळी.

पस्तिशीचा, ज्याच्या मांडीवर आकडेमोड यांचा भरवसा नाही तो माणूस एका डावात ५१ षटकं टाकतो. त्यानंतर कसोटी खेळला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

आकडेमोड:
५१ षटकांना सलाम. मनापासून. पण एक विचारतो: १७० धावांत ५ बळी हा आकडा सरासरीत धरायचा की नाही? की तोही ‘मोजता न येणाऱ्यात’?

चौथी_स्लिप:
धरा ना! एका डावात ३४ ने पाच बळी, म्हणजे तुमच्या लाडक्या सरासरीला त्या दिवशी धक्काच बसला. त्याने चाळीसाव्या षटकात पाय धरून बाहेर जाऊन बसायचं ठरवलं असतं तर त्याचा आकडा सुधारला असता आणि कुणी काही बोललंही नसतं.

आकडेमोड:
हम्म.
तरी माझा तिसरा श्रीनाथच. १९९६, अहमदाबाद, दक्षिण आफ्रिकेला १०५ मध्ये उडवलं तेव्हा २१ धावांत ६ बळी. फिरकीच्या मातीत वेगाने. त्याला आयुष्यभर दुसऱ्या टोकाला जहीर मिळाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

चौथी_स्लिप:
श्रीनाथचा धागा तुम्ही काढा. पहिला प्रतिसाद माझा, आणि २१ धावांत ६ बळींवर मी वाद घालणार नाही. मात्र तो २००२ मध्ये कसोटीतून निवृत्त झाला होता आणि गांगुलीने समजावून परत आणला तो जहीर-नेहराबरोबर खेळायला, हे धाग्यात पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

तांबडापांढरा:
श्रीनाथ कुणाचा जावई?